भोंग्यावरचा भाव

"बाईमाणसानं बैलबाजारात जायाचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, साखरे!" बाजेवर पडल्या पडल्या ग्यानोबा कडाडला.

"घालू द्या. तेवढंच खत हुईल," साखराबाई म्हणाली आणि चांद्याचं दावं सोडायला लागली.

ग्यानोबाच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. दसऱ्याच्या तोंडावर विहिरीच्या पायरीवरून घसरला, तो थेट बाजेवर आला. त्याच्याआधी पोळ्याला चांद्याचा जोडीदार पवळ्या लंपीच्या रोगानं गेला. घरात उरला एक पाय मोडलेला नवरा आणि एक जोडीविना बैल. दोघंही दिवसभर नुसतं रवंथ करायचे. तिकडं परतीचा पाऊस पडून रानाला झकास वाफसा आला होता, गावभर ज्वारीच्या पेरण्या सुरू झाल्या होत्या. काळ्या जमिनीचं असं आहे बघा, वाफसा धरला तर भाकरी, चुकला तर ढेकूळ. साखराबाईचं रान ओढ्याच्या पल्याड, तिथं ट्रॅक्टर उतरत नाही. उसना बैल मागावा, तर पेरणीच्या दिवसांत सख्खा भाऊ भावाला देत नाही. आज बेस्तरवारच्या बाजारात चांद्याला जोड मिळाली तर पेरणी, नाही तर वर्षभर ज्वारी विकत आणून खायची.

"अगं, पर रुमालाखाली परक्या गड्याच्या हातात हात घालशील का?"

"दलाल घालंल की."

"आन ध्यानात ठिव, चांद्या उजव्या अंगानं चालतो. डाव्या अंगाचाच बग. न्हाई तर दोघं जूखाली कुस्ती खेळतील."

"चारा मी घालते त्याला, आन तुमी मला सांगता!" असं म्हणून ती चांद्याला घेऊन वाटेला लागलीसुद्धा.

आता तो बाजार. मुखेड-देगलूर रस्त्यावर लिंबाचा फाटा आहे. तिथला बैलबाजार कुणी भरवला, हे म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही सांगता येत नाही. लिंबाची सावली होती, हौदाला पाणी होतं. माणसं थांबली, बैल थांबले, झाला बाजार. कानडी बोलणारे यायचे, तेलुगू बोलणारे यायचे, लाल कंधारी बैल यायचे, देवणी यायचे. सौदा रुमालाखाली. दोघांनी हात घालायचे, बोटं दाबायची, मुंड्या हलवायच्या. भाव त्या दोघांत आणि दलालात. का म्हणाल, तर गावात भाव फुटला की संध्याकाळी मेव्हणा दारात, सकाळी चुलतभाऊ. ज्याची त्याची झाकली मूठ. बैल नेला आणि आठवड्यात जूखाली बसला, तर मुकाट परत घ्यायचा. न घेणाऱ्याच्या बैलाकडं पुढच्या बेस्तरवारी कुत्रंही बघायचं नाही. त्याला ना कलम लागलं कधी, ना शिपाई.

मग तिथं सुधार समिती आली आणि ट्रॅक्टरवाला राजशेखर तिचा सभापती झाला. आयत्या बिळावर नागोबा! गडी अभ्यासदौऱ्याला गेला आणि येताना एक शब्द घेऊन आला: पारदर्शक. घरात चहा झाला तरी पारदर्शक. बाजाराला तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, पावतीची खिडकी काढली. सावलीसाठी पत्र्याचं शेड घालायचं ठरलं, तर जागा व्हावी म्हणून लिंबं तोडली! पत्रा मात्र अजून यायचा होता. आजपासून रुमाल बंद. सगळे सौदे भोंग्यावर, चारचौघांत. वर एक फलक लावला, त्यावर दातांनुसार बैलाचे भाव. दोन दात इतका, चार दात इतका, सहा दात इतका.

आज त्या फाटकाचं उद्घाटन. घरात अडकलेल्या ग्यानोबा-साखराबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मावशी, पावती," फाटकावरच्या मल्लेशनं हात आडवा घातला. गळ्यात शिट्टी, अंगात नवा खाकी शर्ट.

"कशाची?"

"आत जायाची."

"आन भाईर येयाची?"

"ती येगळी. बैल इकायचा हाय का घ्यायचा?"

"याला जोड बघायची."

मल्लेश विचारात पडला. "मंग दोनी फाडा. इकायची बी, घ्यायची बी."

"अरे लेकरा, श्वास घ्यायची कंची खिडकी?" साखराबाईनं विचारलं. मागं उभी असलेली माणसं खो खो हसली. मल्लेशनं लाजून तिला एकाच पावतीवर आत सोडलं.

आत बघते तर काय, बाजार कसला, मयतीला जमल्यासारखी माणसं! उन्हात बैल माना खाली घालून उभे, मालक त्यांच्याआड दडलेले. ओट्यावर राजशेखर पांढऱ्याफेक कपड्यात माईक धरून उभा.

"शेतकरी बंधूंनो! आजपासून अंधारातला व्यवहार संपला! या, पुढं या, भाव बोला!"

एकाला धरून पुढं आणलं. त्याचा बैल बरा होता, गिऱ्हाईकही राजी होतं. माईक तोंडाशी आला तसं त्यानं गर्दीकडं पाहिलं. गर्दीत त्याचा साडू उभा.

"कितीला देता?" भोंगा गरजला.

"कोन, मी?" गडी म्हणाला. "म्या न्हाई इकत. बैलाला जरा फिरवायला आनला हुता."

दुसऱ्याला आणलं. त्याचा बैल फलकापेक्षा दुपटीचा होता, चालायला वारा. समितीचा कारकून दात मोजून म्हणाला, "नियमानं एवढाच."

"दातं नियमानं हायती," तो म्हणाला, "पर ह्यो लाथ मारत न्हाई, जूखाली बसत न्हाई, रात्री बोलवला तर येतो. त्येचं काय?"

"त्याचा रकाना न्हाई."

"मंग रकान्यालाच जूला बांधा," म्हणत त्यानं बैल वळवला.

साखराबाईनं साऱ्या ओळी धुंडाळल्या. दलाल कोपऱ्यात बसून तंबाखू चोळत होते, रुमाल खांद्यावर लोंबत होते. एकाला विचारलं तर म्हणाला, "वैनी, हात बांधल्यात आमचे. दंड हाय." डाव्या अंगाचे दोन बैल होते, पण मालक भावाचं नाव काढलं की आभाळाकडं बघायचे. ऊन चढलं. तिच्या डोळ्यांपुढं ओढ्याकडची ती पट्टी यायला लागली, वरून पांढरी पडत चाललेली. "मेल्यांनो, चालत्या गाड्याला खीळ घातली तुमी," ती स्वतःशीच बोलली आणि चांद्याला घेऊन बाहेर पडली.

कुंपणाच्या मागं, पडीक रानात, एक म्हातारी बाभळीखाली बसलेली. जवळ लाल कंधारी बैल, अंगावर तुपाची झाक, शिंगं चांद्याच्या शिंगांसारखीच. चांद्यानं आपण होऊन मान लांबवली.

"अव्वा, इकायचा हाय का?" साखराबाईनं विचारलं.

"इकायचाच हाय. पर आत न्हाई," म्हातारी म्हणाली. ही बसम्मा, कर्नाटकातल्या माहेराची. "माझ्या म्हायेरच्या गाईचा ह्यो. दोन लेकं हायत मला. भाव भोंग्यावर फुटला की धाकटा म्हंतो मला दे, थोरला म्हंतो मला दे. दोघी सुना तोंड फुगिवतील. आन मला पान खायला बी इल्ला, काई न्हाई!"

"कोन्या अंगाचा?"

"डाव्या."

आता हा हातचा जाऊ नये म्हणून साखराबाई देवाला हात जोडायच्या बेतात होती. पण आधी तिनं दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, दाव्यानं माना जोडल्या आणि पडकात हाकलून पाहिलं. काय चाल म्हणून सांगावी! खूर खुराला मिळत होता.

"मंग?" बसम्मानं पदर पसरला. "घाल हात."

साखराबाई थबकली. जन्मात कधी तिनं सौदा केला नव्हता. पण बोटांची बोली तिला ठाऊक होती. ग्यानोबा बाजारातून आला की जेवता जेवता सगळा सौदा तिच्या तळहातावर करून दाखवायचा. तिनं पदराखाली हात घातला. बसम्मानं चार बोटं दाबली. साखराबाईनं एक सोडवून घेतलं. म्हातारीनं परत धरलं. साखराबाईनं बोटाचं पेर दाबलं, म्हणजे वर अर्धं. म्हातारी फिस्कन हसली. कुंपणावरून मल्लेशनं डोकावून पाहिलं. दोघी बाया मशेरी वाटून घेत असतील असं वाटून तो निघून गेला.

किती ठरलं ते विचारू नका. साखराबाईनं ते ग्यानोबालाही अजून सांगितलेलं नाही.

"कुनाला बोलायचं न्हाई," बसम्मानं पैसे कमरेला खोवत बजावलं.

"माझा शब्द, अव्वा."

जोडी घेऊन ती रस्त्याला लागली, तोच शिट्टी वाजली. दुपार झाली होती, फोटोवाले कंटाळून जांभया देत होते आणि समितीच्या नावावर एकही सौदा नव्हता. राजशेखरनं ओट्यावरून लांबून पाहिलं: सकाळी एका बैलानं आत आलेली बाई दोन बैलांनी चालली होती!

"अडवा तिला! बिनपावतीचा बैल हाय!"

मल्लेशनं दावं धरलं आणि तिला ओट्यापुढं आणलं. गर्दी जमली.

"मावशी," राजशेखर माईकवर गोड झाला, "भिऊ नका. कितीला घेतला तेवढं बोला. आपला पहिला पारदर्शक सौदा!"

"न्हाई बोलत. शब्द दिलाय."

"मंग बैल कोंडवाड्यात जाईल. पुढल्या बेस्तरवारी सुनावणी."

पुढला बेस्तरवार! तोवर रानात नांगराचा फाळही शिरायचा नाही. एक आकडा बोलला की सुटका होती. तिनं ओठ उघडले, बैलाकडं पाहिलं, परत मिटले.

"शब्द म्हंजे शब्द. घाला कोंडवाड्यात. मला बी घाला संगं, तेवढीच वैरण टाकीन."

"शब्द दिला कुनाला? नाव सांगा!" राजशेखर भोंग्यावर तापला. "ज्यानं पदराआड, कुंपणाआड बैल इकला, तो चोर हाय! शेतकऱ्याचा दुश्मन हाय! असल्या माणसाला समोर आणा!"

"आले बाबा, आले," गर्दीतून आवाज आला. काठी टेकत बसम्मा ओट्याशी आली. "मीच ती चोर. फोटू काढ."

"आई?"

"बैल बी वळखला न्हाईस व्हय? तुज्याच गोठ्यातला हाय. ट्रॅक्टर आल्यापून तिकडं कवा फिरकलास?"

फाट्यावर जो हशा पिकला म्हणता, चांद्यानंसुद्धा कान टवकारले. फोटोवाल्यांची झोप उडाली. धाकटा भाऊ संगमेश्वर गर्दी सारत पुढं आला. "आई, कितीला गेला गं? त्यात माझा वाटा हाय." राजशेखरचा चेहरा पांढऱ्या कपड्यासारखा झाला. त्यानं मल्लेशला हातानंच खूण केली, सोड ती बाई, जाऊ दे. मल्लेशनं दावं सोडलं तशी साखराबाईनं मागं न बघता जोडी फाटकाबाहेर काढली. बाहेर जायची पावती मागायची शुद्ध कुणाला नव्हती.

ओट्यावर राजशेखरनं माईकचं बटण दाबून बंद केलं, वर हातानं झाकला, भावाकडं पाठ केली आणि आईच्या कानाशी वाकला.

"आई, मला तेवढं सांग हळूच. कितीला दिलास?"

बसम्मानं कमरेची गाठ चाचपली, माईकवरचा त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "भोंग्यावर इचार की."