तो शब्द आज नको

हिम पडत होते. शुभ्र, संथ, निःशब्द. विनिपेगच्या धूसर नभातून फिकट दुपार उतरत होती, आणि अंगण, कुंपण, रस्ता, एकेक रेषा पुसत चालली होती. जन्म मिरजेच्या उन्हात काढलेल्या मंदाकिनीबाई खिडकीशी एकट्या बसल्या होत्या.

पहाटे कळा सुरू झाल्या, तशी लेक ऋजुता जावयासोबत इस्पितळात गेली. मागोमाग वादळ आले आणि वाट मिटली. लेक पहिलटकरीण, आणि उशाशी आई नाही. बाईंचा जीव तुटत होता.

मागल्या आठवड्यात लेकीने हौसेने शब्द शिकवले होते. स्नोड इन. स्टक. ट्रॅप्ड. "आई, बर्फात कोंडली गेलीस आणि कुणी विचारलं, तर एवढंच सांग. लगेच मदत येते." भाजी निवडता निवडता बाईंनी ते घोकले होते.

पण लेक बाळंत होताना घरात गाठ ठेवू नये, कडी ठेवू नये, नाहीतर बाळाची वाट अडते, असे त्यांच्या माहेरचे वळण. त्यांनी कपाटे उघडली, डब्यांची झाकणे काढली, अंबाडा सोडला. रजतशुभ्र केशभार पाठीवर मोकळा झाला. आणि अडकल्याचा शब्द, मग तो कुठल्या का भाषेतला असेना, आज ओठांवर आणायचा नव्हता.

फोन वाजला. बर्फात कोंडलेल्यांना बाहेर काढून हवे तिथे पोचवणारी माणसे. जावयानेच त्यांना बाईंचा नंबर दिला होता. आवाज मायाळू होता.

"मॅम, आर यू ट्रॅप्ड?"

शब्द कळला, नेमका कळला. हो म्हटले की गाडी येणार होती, लेकीचा हात हातात घेता येणार होता. बाईंनी डोळे मिटले.

"नो," त्या म्हणाल्या. "नो, नो. ऑल ओपन."

दूरवर बर्फ सारणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा दिसला, वळला, दुसऱ्या कुणाच्या दाराकडे गेला. मग तोही त्या धवल शून्यात विरला. आता मात्र त्यांना रडू आवरेना.

दिवेलागणीला जावयाचा फोन आला. "आई, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. ऐका." आणि एक कोवळा, रागीट टाहो त्या निर्मनुष्य घरात शिरला.

"आई, गाडी आली का हो? ऋजुता सारखी विचारतेय."

"येईल हो. तिला निजू द्या."

फोन बंद झाला. बाईंनी तो मांडीवर घेतला, त्याखाली अलगद तळवा सरकवला, तान्ह्याच्या मानेखाली द्यावा तसा. आणि अंधारत्या घरात, कुणी कुणी नसताना, ती मांडी हळूहळू हलू लागली.