शाळा सुटल्यावरची आई

पोलादपूरहून दोन तास चढून गेलं की एक वाडी लागते. तिथली शाळा म्हणजे मीनाच्या घराची पडवी. सरकारने डोंगरातल्या वाड्यांसाठी वस्तीशाळा काढल्या, तेव्हा अख्ख्या वाडीत बारावी पास माणूस एकच निघालं, सगुणाबाईची सून मीना. शाळेला इमारत नव्हती, म्हणून पडवी. घंटा नव्हती, म्हणून नांगराचा मोडका फाळ तारेने वाशाला टांगला आणि ठोकायला एक जाडजूड बोल्ट ठेवला. पोलादपूरचे साहेब येऊन बघून गेले. पटावर पंधरा मुलं आहेत तोवर शाळा चालेल, असं त्यांनी बजावलं आणि खडूचं एक खोकं देऊन गेले. पंधरावं नाव मीनाच्याच लेकीचं होतं, तुळसाचं.

एकाच छपराखाली नोकरी आणि संसार, म्हणजे लांबून बघणाऱ्याला फार सोयीचं वाटतं. वाटू द्यावं. पहिल्याच आठवड्यात धडा चालू असताना तुळसा आली आणि सरळ आईच्या मांडीवर बसली. दुसऱ्या दिवशी झऱ्यावर हंडे भरताना एकीने विषय काढला, "बरं हाय गो. मानधन सरकारचं घ्यायचं नि पोर आपली खेळवायची." बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मीना हंडा घेऊन घरी आली, तुळसाला समोर उभं केलं आणि नियम सांगितला. फाळ वाजला की मी बाई. परत वाजला की मी आई. मधल्या वेळात आई म्हणायचं नाय, पदर धरायचा नाय. काय पायजे असलं तर बोट वर करायचं.

तुळसाने मान डोलावली. सहा वर्षांची पोरं सांगितलेलं अर्धं ऐकतात आणि अर्धं सोडून देतात, म्हणून तर आयांचं निभतं. ही पोर मात्र पुरतं ऐकणारी निघाली.

एकदा अंगणात पडून तिचा गुडघा फुटला. बाकीची पोरं "बाई, तुळसा पडली" म्हणून धावत आली. ती मागून लंगडत आली, डोळ्यांत पाणी आणि बोट वर. "बाई, माझी आई कधी येनार?"

पोरं फिदीफिदी हसली. मीनालाही हसू आलं. "येईल हां, शाळा सुटल्यावर," ती म्हणाली आणि तिने जखम धुऊन हळद लावली, कुणाच्याही पोरीला लावावी तशी. संध्याकाळी जेवताना तिने ही गंमत सासूला सांगितली. सगुणाबाई काही हसली नाही. भाकरी मोडता मोडता तिने एवढंच विचारलं, "मग आली काय?"

खरं सांगायचं तर आली नव्हती. फाळ ठोकून झाला की मीना तिथेच बसून हजेरीपट लिहायची, माहितीचे तक्ते भरायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी वर महिन्याची पोलादपूरची मीटिंग, पोलिओचे रविवार, घरोघरची मोजणी. ते उरकलं की गाय, पाणी, चूल. फाळ वाजल्यावर तुळसा थोडा वेळ पडवीच्या खांबाला टेकून बसायची, आई आली का बघायची. मग उठून आजीच्या शेरडांमागे निघून जायची. मीनाला ते दिसत होतं. एवढं पान भरते आणि हाक मारते, असं ती रोज मनाशी म्हणायची.

आणि तिची ती तरी कुठे उरली होती? झऱ्यावर तिच्या वयाच्या बायका एकमेकींच्या नवऱ्यांवरून थट्टा करायच्या; ती आली की गप्प व्हायच्या आणि "बाई, भरा तुमी आधी" म्हणून बाजूला सरायच्या. सासूसुद्धा चारचौघांत तिला बाईच म्हणायची. वाडीने मान दिला होता, पण मानाच्या पाटावर माणूस एकटंच बसतं. मीने म्हणून हाक मारणारा एकच होता, तिचा नवरा सहदेव. तो मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला होता आणि गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा.

त्या वर्षी शिमग्याला तो आला. पालखी वाडीतल्या घरोघरी नाचून गेली. दुसऱ्या दिवशी शाळा भरली, तेव्हा तो अंगणात दाढी करत बसला होता. पोटच्या पोरीने पाणी प्यायला जायचं म्हणून आईपुढे बोट वर केलेलं त्याने पाहिलं. आरसा तसाच हातात राहिला. दुपारी तो म्हणाला, "तुळसाला मी नेतो. ललिताताई सांभाळंल भांडुपला. जूनला शाळेत घालू, तवर सवय होईल. मला परत गणपतीशिवाय सुट्टी नाय."

"ती नाय यायची. माझी पोर हाय ती."

"पोर हाय, का पटावरचं पंधरावं नाव हाय?"

हे त्याने बोलायला नको होतं. दुसरं काहीही बोलला असता तर मीना भांडली असती, रडली असती, पोरीला आत घेऊन दार लावलं असतं. पण हा घाव वर्मी बसला. पट चौदावर आला तर शाळेचं काय, हा विचार तिच्या मनात सगळ्यात आधी आला होता, आणि तो आला म्हणून तिला स्वतःची शिसारी आली होती. आता नाही म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं खरं करणं. "घेऊन जा," ती म्हणाली. तिला वाटलं, तो वरमेल. त्याला वाटलं, ती माघार घेईल. दोघेही आपापल्या हट्टाला चिकटून बसले. सगुणाबाईने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी घेऊन गुरांकडे गेली.

जायचं सोमवारी ठरलं. खालच्या रस्त्यावरून जीप एक वाजता सुटायची, म्हणजे वाडीतून अकराला निघायला हवं. मीनाने मनाशी हिशेब बांधला. साडेदहाला फाळ वाजवायचा, पोरांना थोडा वेळ खेळायला सोडायचं. तुळसाला आत घ्यायचं, तेल लावून वेणी घालायची, पोटाशी धरायचं आणि विचारायचं, जायचंय का तुला? ती नाही म्हणाली असती. मीनाला त्याची खात्री होती. मग सहदेवचा बापही तिला नेऊ शकला नसता. सगळं त्या अर्ध्या तासावर होतं.

सोमवारी दहा वाजता, हातरुमालाने घाम पुसत, केंद्रप्रमुख साहेब पडवीत उभे. वार्षिक तपासणी. माणूस नवीन होता, पहिल्यांदाच वर आला होता आणि चढावाने त्याची बोलती बंद झाली होती. पाणी पिऊन त्यांनी पट मागितला, डोकी मोजली. "पंधरापैकी पंधरा. छान." मग पाढे, मग वाचन. साडेदहा झाले. मीनाची नजर खिडकीतल्या बोल्टकडे गेली. "बाई, मागच्या महिन्याचा तक्ता बघू," साहेब म्हणाले. तिने तक्ता दिला.

अकराला सहदेव पिशवी घेऊन अंगणात आला. साहेबांना बघून कोपऱ्यात थांबला, घड्याळ बघितलं, परत बघितलं. शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "तुळसे, चल."

तुळसाने पाटी दप्तरात घातली आणि उठली. नवा फ्रॉक तिने सकाळीच घातला होता. वेणी घालायची राहिली होती.

"कुठं गं निघालीस?" साहेबांनी विचारलं.

"मुंबयला. आत्याकडं."

"अरे वा. पण आईला सांगून आलीस का?"

तुळसाने वर फाळाकडे पाहिलं. मग मीनाकडे पाहिलं. मग बोट वर केलं.

"बाई, माझी आई अजून आली नाय. ती आली की तुमी तिला सांगाल? मी गेली म्हणून?"

पोरीला कळत नव्हतं, असं कुणी समजू नये. तिला सगळं कळत होतं. आईला यायला तिने एवढी जागा करून दिली होती. बोल्ट तीन हातांवर होता. दोन ठोके, बस्स. साहेबांनी फार तर विचारलं असतं, अकराला कसली घंटा? कदाचित शेऱ्यात एक ओळ लिहिली असती, कदाचित नसतीही. माणूस वाईट नव्हता. हे सगळं मीनाला मागाहून सुचलं. त्या क्षणी तिच्या तोंडून तेच निघालं, जे वर्षभर निघत आलं होतं.

"सांगते," ती म्हणाली.

सहदेव हललाच नाही. तो मीनाकडे बघत उभा राहिला, जणू आता तरी ती काही बोलेल. मग त्याने खाली बघून पोरीचा हात धरला. दोघं आंब्याच्या वळणापर्यंत दिसली. तुळसाने मागे वळून पाहिलं नाही; शाळेच्या वेळात इकडे तिकडे बघायचं नाही, हेही तिला शिकवलेलं होतं.

"गोड पोरगी आहे. कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"वाडीतलीच," मीना म्हणाली.

तीनला साहेब चांगला शेरा लिहून खाली उतरले. चारला मीनाने फाळ ठोकला. चौदा पोरं ओरडत, दप्तरं आपटत अंगण ओलांडून पळाली. फाळ तारेवर हलत राहिला, मग थांबला. रजिस्टरं समोर होती. ती तिने उघडली नाहीत. ती उठून खांबाला टेकून बसली, जिथे तुळसा बसायची तिथे, आणि तिला रडू आलं ते आवरेना.

सगुणाबाई शेरडं घेऊन परतली ती तशीच अंगणात थांबली. आज शेरडांमागे दुसरं कुणी नव्हतं.

"गेली?"

"हां."

"जाताना काय बोलली काय?"

"आईला निरोप ठेवलान."

सगुणाबाईने काठी भिंतीला लावली आणि सुनेच्या शेजारी जमिनीवर टेकली. तिने विचारलं, "मग सांगितलास काय?"

"आत्ता," मीना म्हणाली. "शाळा सुटल्यावर."