फोन हातात धरताना

ऑकलंडहून आलेला तो कागद आमच्या टोंगन भाषेत आणायला सात महिने लागले. मनगटातली नस दबली की हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, रात्री झोपेतून उठून हात झटकत बसावं लागतं. अशा माणसांना विचारायचे एकोणीस प्रश्न होते त्यात. दोघांनी त्याचं वेगवेगळं भाषांतर केलं, तिसरीने मूळ कागद न बघता ते परत इंग्रजीत नेलं, आणि मग सगळे एका टेबलाभोवती बसून भांडले. नुसत्या 'बधिर' आणि 'मुंग्या' या दोन शब्दांवर दोन दुपारी गेल्या.

त्यानंतरचं काम माझ्याकडे आलं. मी टोंगातल्या वावाउ बेटावरच्या दवाखान्यात नर्स आहे, नाव लव्हिनिया. साठ बायकांना हे प्रश्न विचारायचे, दहा दिवस थांबायचं, मधे काही औषधोपचार करायचा नाही, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. हात तोच, दुखणं तेच, तर उत्तरंही तीच यायला हवीत. आली तर कागद भरवशाचा. एक म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे ते काम जमतच नाही. एवढा साधा हिशेब.

आमच्याकडे हे दुखणं बहुतेक चटया विणणाऱ्या बायकांना होतं. केवड्याच्या जातीची पाती उकळायची, समुद्रात भिजवायची, वाळवायची, चिरायची आणि मग महिनोन्‌महिने खाली मान घालून विणत बसायचं. त्यामुळे जी ती पहिल्यांदा विचारायची, "यात विणायचा प्रश्न कुठाय गं?" तो नव्हता. ऑकलंडचे डॉक्टर फिनाउ म्हणाले होते की प्रश्न बदलले तर दुसऱ्या देशांतल्या आकड्यांशी ताडून बघता येणार नाही. त्यांचे आईवडील आमच्याच बेटावरचे, पण ते स्वतः तिकडे वाढलेले. त्यांची टोंगन भाषा जेवणाच्या ताटाएवढी. ताटाबाहेरचा विषय निघाला की इंग्रजी सुरू.

तोआकासे मावशी माझ्या यादीत सतरावी. एकसष्ट वर्षांची, उंच, आवाज असा की चर्चमध्ये ती गायला लागली की पुढच्या बाकावरची पोरं दचकायची. तिला सगळं गाव ओळखायचं ते तिची मैत्रीण लेसिएली हिच्यासकट. 'तोआकासे-लेसिएली' हे एकच नाव असल्यासारखं लोक बोलायचे. एकतीस वर्षं दोघी एकाच चटईवर बसून विणत आल्या. दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, दोघीही विधवा झाल्या, पण विणायची बैठक काही मोडली नाही. मग लेसिएलीची मूत्रपिंडं निकामी झाली. रक्त धुणारं यंत्र आमच्या बेटावर नाही, म्हणून तिचा मुलगा तिला ऑकलंडला घेऊन गेला. त्याला चार वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा त्या यंत्राला जोडलेली बाई परत येणार तरी कशी!

"मावशी, गेल्या दोन आठवड्यांतलं सांगायचं हं. बटणं लावताना किती त्रास होतो?"

"बटणं लावतंय कोण? मी सगळी काढून टाकलीत. आता डोक्यावरून घालते."

"अहो, पण लावली असती तर?"

"लावली असती तर लावली असती. तू चार लिही."

बाटलीचं झाकण उघडताना, चार. घरकाम, चार. तारोचे कंद सोलताना सुरी हातातून निसटते म्हणाली. रात्री हात चार-पाच वेळा उठवतो. मग मी विचारलं, "फोन हातात धरताना?"

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "काही त्रास नाही."

मी एकवर खूण केली. मला ते खटकलं होतं, खोटं कशाला बोलू? जिला सुरी धरवत नाही तिला फोन कसा धरवतो? पण उत्तर सुचवायचं नाही असा नियम होता. मी पुढच्या प्रश्नाला गेले.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. अठरा उत्तरं जवळजवळ तीच, कुठे एखाद्या आकड्याचाच फरक. फोनच्या प्रश्नाला मात्र म्हणाली, "पाच."

"पाच? मागच्या वेळी एक म्हणाला होतात."

"तेव्हा एकच होता."

"मावशी, दहा दिवसांत असं काय झालं?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अगं पोरी, तेव्हा मी फोन हातात घेतच नव्हते. आठ महिने तो पेटीत पडला होता. धरलाच नाही तर त्रास कसला व्हायचाय?"

मी पेन खाली ठेवलं.

लेसिएली जायच्या आधी दोघींनी एक मोठी चटई विणायला घेतली होती. ती निम्मी झाली होती. जाताना लेसिएली म्हणाली, मी येईपर्यंत हात लावू नकोस. दर रविवारी प्रार्थनेनंतर तिचा फोन यायचा. आज पाऊस आहे का, कोण आजारी, पाती कुणी वाळत घातली, असलंच बोलणं. आठ महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी ती म्हणाली, "तोआ, चटई तू पुरी कर. दुसऱ्या कुणाला तरी बसव माझ्या जागी. मी काही आता येत नाही."

"मला एवढा राग आला," मावशी म्हणाली, "मी म्हटलं, बसव म्हणजे काय? तू काय खुर्ची आहेस? आणि फोन बंद करून पेटीत टाकला. पुतण्याने दोनदा काढून दिला, दोन्ही वेळा परत टाकला. तिने ते बोलायला नको होतं गं. मला ठाऊक नव्हतं का ती येणार नाही ते? पण ती बोलली नसती तर मी अजून दहा वर्षं वाट बघितली असती. सुखाने बघितली असती."

"मग?"

"मग तू तुझा तो प्रश्न विचारलास. घरी जाताना डोक्यातून जाईना. फोन धरताना त्रास होतो का, फोन धरताना त्रास होतो का... बाई, मनात म्हटलं, बघूया तरी धरून."

रविवारी तिने पेटी उघडली, फोन चार्जिंगला लावला, आणि अंगणात निरफणसाच्या झाडाखाली बसून लेसिएलीला लावला. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींवर ओरडल्या. नंतर हात बधिर झाला आणि फोन बोटांतून सुटून खाली कोंबड्यांत पडला.

"मोठ्या आवाजावर ठेवायचा ना बाजूला."

"आणि सगळ्या गावाला ऐकवायचं होय? ती मला काय काय म्हणत होती ते!"

फोन उचलायलाही बोटं वळेनात. मावशी हात झटकत, फोनला शिव्या देत बसली. शेवटी डाव्या हाताने उचलून कानाला लावला, वाटलं की तिने ठेवला असेल. पण लेसिएली होती. म्हणाली, "उचललास कशाला? राहू दे ना खाली. कोंबड्या ऐकत होते. तुझ्या शेजाऱ्याचं ते कुत्रं अजून तसंच भुंकतं?"

"मग मी फोन जमिनीवर ठेवला," मावशी म्हणाली. "आणि बाजूला बसून राहिले. बराच वेळ. ती काही बोलली नाही, मीही नाही."

मी पाचवर खूण केली.

डॉक्टर फिनाउंचा तीन दिवसांनी फोन आला. "लव्हिनिया, सतरा नंबरच्या बाईचं उत्तर एकदम एकावरून पाचावर गेलंय. दुखणं बदललं असेल तर हिला वगळावं लागेल."

"दुखणं बदललेलं नाही, डॉक्टर. आपला कागद चुकतोय."

"तो वीस देशांत वापरतात."

"वापरू देत. जी बाई ते काम करतच नाही, ती 'त्रास नाही' म्हणते. आपण तिचा हात चांगला समजतो. ही एकटीच असेल असं वाटतं तुम्हाला?"

मी पुन्हा गावोगाव फिरले. लिहिताना काही त्रास नाही म्हणणाऱ्या अकरा जणींनी कित्येक महिन्यांत पेन हातात धरलं नव्हतं. एकीने पिशवी उचलणं सोडून दिलं होतं, एकीने पुस्तक. प्रत्येकीने आपल्या दुखण्याभोवती जगणं थोडं थोडं आखूड करून घेतलं होतं आणि कागदावर सगळ्या ठणठणीत होत्या. डॉक्टरांनी ते ऐकलं. मग ते टोंगनमध्ये म्हणाले, "माझ्या आईने शिवण सोडलं होतं. मला वाटायचं, कंटाळली असेल." एवढं लांब टोंगन वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. प्रश्नांना आम्ही हात लावला नाही. फक्त प्रत्येकासमोर एक चौकोन वाढवला, 'हे काम मी केलेलं नाही', आणि पुन्हा नव्या साठ बायकांना विचारलं. या खेपेला उत्तरं जुळली.

पाहुण्या डॉक्टरांचं पथक आलं तेव्हा तोआकासे मावशीच्या मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांत बोटांना जाग आली. ती चटई तिने भाचीला बरोबर घेऊन पुरी केली. आमच्याकडे मयताला चटया देतात, तशी ती चटई एका मयताच्या घरी गेली. त्यानंतर चर्चमधल्या लोकांनी हालचाल करून तिला तीन महिन्यांसाठी ऑकलंडला पाठवलं.

परत आली त्या दिवशी मी विमानतळावर दुसऱ्याच कुणाला तरी घ्यायला गेले होते. जाड स्वेटर घातलेली मावशी सामानापाशी उभी होती. आमच्या उकाड्यात तो काढायचं तिला सुचलं नव्हतं.

"कसं झालं सगळं? काय केलंत दोघींनी?"

"काय करणार? ती यंत्राला जोडलेली असायची, मी शेजारी. ती झोपायची. मी बघत बसायची." मग ती म्हणाली, "तिचे केस सगळे पांढरे झालेत गं. एकदाही बोलली नव्हती मला. फोनवर आपण पाऊस विचारतो, कोंबड्या विचारतो. केस कोण विचारतं?"

मी तिची बॅग घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"म्हणजे रविवारला अजून तीन दिवस," ती म्हणाली, आणि स्वेटर काढायला लागली.