नावानं हाक मारणारी तीन माणसं

जुन्नरच्या एका शाळेत २००८ च्या एप्रिलमध्ये मुलांच्या तपासणीचं शिबिर भरलं, तेव्हा रीना आठ वर्षांच्या संयमला रिक्षातून घेऊन आली, तीही दोन्ही बाजूंचे पडदे सोडून. खरं तर चालत दहा मिनिटांची वाट. पण सासरे खेमचंदशेठ म्हणाले, "उगाच पेठेतून मिरवायला नको." शेठजींचं कापडाचं दुकान पेठेत, घर दुकानाच्या वर, आणि त्यांचं सगळं शहाणपण एका म्हणीत मावायचं: झाकली मूठ सव्वा लाखाची. संयम उशिरा चालला, उशिरा बोलला, आणि बोलला तेही एका वेळी दोन शब्दांच्या वर नाही. मग रीनाच्या नणंदेचं, खुशबूचं, लग्न जमेपर्यंत पोराला वरच ठेवायचं ठरलं. खुशबूचं लग्न झालं, तिला दोन मुलंही झाली. संयम वरच राहिला. नवरा आणि सासरे दिवसभर दुकानात, वर ही मायलेकरं. रीनाला कधीकधी दुपारी स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

आज ठरणार होतं: संयमला साधी शाळा, खास वर्ग, की घरीच. रीनाला साधी शाळाच हवी होती. त्यासाठी तिनं वर्षभर त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी आधी रंग दाखवले. पोरानं गुलाबीला 'राणी' म्हटलं, निळ्याला 'चिंतामणी'. कापडवाल्याचंच पोर ते! मॅडम खूश झाल्या. मग भाज्यांची चित्रं निघाली. भेंडी, टोमॅटो, दुधी, सगळं बरोबर. कांदा आला आणि गाडी अडली. बटाटा, गाजर, मुळा... संयम नुसता बघत राहिला. मॅडमनी पेन उचललं.

"थांबा, मॅडम!" रीना जवळजवळ ओरडलीच. "आम्ही जैन. जमिनीखालचं काही आमच्या घरात येत नाही. जे त्यानं पाहिलंच नाही, ते तो ओळखणार कसं?"

मॅडमनी जीभ चावली. "चूक आमची," म्हणत त्यांनी चारही चित्रं बाजूला काढून ठेवली. रीनाला वाटलं, जिंकलो.

मागच्या बाकावर पिंपरी पेंढारची लंकाबाई बसली होती, पाय लुळे असलेल्या आपल्या अक्षदाला मांडीवर घेऊन. बाई मनानं वाईट नव्हती, तोंडानं मात्र मोकळी. "आवो ताई, घरात येत न्हाई, कबूल. पर जुन्नरात जिथं तिथं कांद्याच्या गाड्या, कांद्याचं ढीग. माझ्या पोरीला पाय न्हाईत, तरी बापाच्या मोटरसायकलवर बसून समदं शिवार हिंडती. ह्यानं रस्त्यात बी कांदा बघितला न्हाई?"

रीनाचं तोंड उतरलं.

मॅडमनी कागद उलटला. मागच्या बाजूला, मुलाला काय येतं हा प्रश्नच नव्हता. तो कुठं जातो, कुणात मिसळतो, हे विचारलं होतं. "घराबाहेरची तीन माणसं सांगा," मॅडम म्हणाल्या, "जी ह्याला नावानं हाक मारतात."

खोटं बोलणं सोपं होतं. दूधवाला, भाजीवाली, कुणाचंही नाव चाललं असतं; मॅडम थोड्याच पेठेत विचारायला येणार होत्या? रीनानं तोंड उघडलंही. पण एवढी माणसं बघून संयमनं तिच्या पदरात डोकं खुपसलं होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. एवढ्या भरल्या गावात तिच्या लेकराला ओळखणारं एक माणूस नव्हतं, आणि हे काही त्याच्या आजारानं केलं नव्हतं. त्यांनीच केलं होतं, आणि तिनं ते होऊ दिलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. "साधी शाळा जमेल, थोडी मदत लागेल, असं मी लिहिते. पण वर्गात पन्नास मुलं असतील. जूनपर्यंत त्याला माणसांची सवय लावा."

बाहेर रिक्षा थांबली होती. रीनानं ती परत पाठवली आणि संयमचा हात धरून पेठेतून चालू लागली. दुकानासमोरच्या ओट्यावर सावळेराम शिंपी गेली कित्येक वर्षं मशीन घेऊन बसे. त्यानं मान वर केली. आता पळायला जागा नव्हती.

"भाऊ," रीना म्हणाली, "हा माझा मुलगा."

"म्हाईत हाय की," सावळेराम म्हणाला. "वरल्या खिडकीत येतो रोज. मी हात करतो, ह्यो बी करतो."

संयमनं पदराआडून हात काढला आणि हलवला. रीना बघतच राहिली.

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुमीच काय बोलत नव्हता, वहिनी. मंग आमी कसं इचारायचं? समद्या पेठंला म्हाईत हाय."

कुणावर रागवावं हेच रीनाला कळेना. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं उगाच कोंडून राहिली ती फक्त ही दोघं.

"नाव तेवढं म्हाईत न्हाई," सावळेराम मशीन थांबवून म्हणाला. "काय नाव वो ह्याचं?"

"संयम." भर पेठेत हे नाव घ्यायची तिला सवयच नव्हती, आवाज इतका बारीक आला की तिला ते पुन्हा सांगावं लागलं.