गव्हाणीशेजारची बाळंतीण

अंथुर्ण्यात नाताळ कुणी करत नाही. तरी यंदा दिग्विजयच्या पडवीत तो मार्गशीर्षातच येऊन बसला होता. लाकडी चांदण्या, घंटा, पंखवाले देवदूत, सगळे दोरीवर वाळत होते, आणि खालून कोंबड्या माना वर करून बघत होत्या. ऑर्डर बारामतीतल्या एका दुकानाची. दिग्विजय एमआयडीसीत कामाला. तिथली माल ठेवायची मोडकी लाकडी पॅलेट्स तो गाडीवर बांधून आणायचा, आणि त्याची बायको स्वरूपा त्यांतल्या फळ्या जिगसॉनं कापून, पॉलिश पेपरनं घासून रंगवायची. राख्या, दारावरच्या पाट्या ती आधीपासून करत होतीच. यंदाची ऑर्डर दिग्विजयनं मुद्दाम घेतली. हाताला काम असलं की डोक्याला भुतं शिवत नाहीत, असं त्याचं मत.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी स्वरूपा बाळंत झाली होती. मुलगी. पोटातच गेलेली.

बाळंत झाली, असं मात्र कुणी म्हणालं नाही. गाव मोठं शहाणं. ‘सुटली बिचारी’, ‘देवाच्या मनात नव्हतं’, ‘वय हाय अजून’, शब्दांचा काही दुष्काळ नव्हता, नेमका हवा तो तेवढा कुणाला सापडला नाही. सासू विजयमालाबाई तर आळीतल्या साऱ्या बाळंतिणींची मालकीण. कुणाच्या पाठीला तेल किती, कुणाच्या बाजेखाली विस्तव किती, सगळं ती सांगणार. पण सुनेच्या वेळी तिनं बाज उभी करून भिंतीला लावली आणि साठवलेला डिंक, अळीव धाकट्या जावेला देऊन टाकला. मूलच नाही तर बाळंतपण कुणाचं करायचं? आणि पोरीला उगाच आठवण कशाला? पाचव्या दिवशी स्वरूपा चुलीपुढं भाकरी थापत होती. दूध आलं ते तिनं फडकं आवळून जिरवलं. दुखलं असणार. तिला ते आठवत नव्हतं.

तिला रडू आलं नव्हतं. बरी हायस का, असं कुणी विचारलं की ती बरी हाय म्हणायची, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती. एकच गोष्ट तिला हवी होती. कुणीतरी एकदा म्हणावं, ही बाळंत झाली. कुणी म्हणतच नव्हतं, त्यामुळं ती पोरगी झालीच नव्हती की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

घंटा संपल्या, चांदण्या संपल्या, आणि शेवटी गोठ्याचा देखावा उरला. दुकानाच्या मॅडमनी मोबाईलवर फोटो पाठवला होता: गोठा, गव्हाण, गव्हाणीत बाळ, आणि निळ्या कपड्यातली आई गुडघ्यांवर बसलेली. स्वरूपानं आधी गाय केली. तिला आपोआप वशिंड आलं. मग मेंढरं केली, काठी घेतलेला बाप केला, भेटी घेऊन आलेले तीन राजे केले. आईची वेळ आली तेव्हा फोटोतली आई काही तिच्या हातून उतरेना. तिनं एक बाज केली. बाजेवर निळ्या लुगड्यात आडवी बाई, कान गच्च बांधलेली. बाजेखाली एक एवढीशी शेगडी, तिच्यात लाल रंगाचे ठिपके. ती काही मुद्दाम, जीव ओतून करत बसली नव्हती. असंच असतं, म्हणून तसं केलं.

दुपारी दिग्विजय कामावरून आला. फळीवरचा देखावा बघून त्याला हसू फुटलं.

“अगं, हे काय? मेरीमाता हाय ती! हिचं कान कशाला बांधलं?”

“नुकती बाळंत झालीय. डिसेंबरच्या गारठ्यात गुडघ्यावर बसंल व्हय?” स्वरूपा म्हणाली. “ह्या राजांनी काय अत्तरं आणली म्हणं. डिंक आणायचा की.”

“मॅडम घ्यायच्या न्हाईत असलं,” तो म्हणाला. मग त्यानं गव्हाणीत वाकून बघितलं. “आन् बाळ कुठाय?”

स्वरूपा ब्रश पुसत राहिली. “बाळ न्हाय केलं.”

विजयमालाबाई शेंगा फोडत बसली होती. ती उठली, पदराला हात पुसून तिनं ती बाज उचलली, डोळ्यांजवळ नेली. कान बघितले, शेगडी बघितली.

“बाळ नसू दे,” ती म्हणाली. “बाळंतीण तर हाय का न्हाय...”

आणि तिथंच थांबली. स्वतःचंच बोलणं तिच्या कानात शिरायला थोडा वेळ लागला. बाई तोंडाची फटकळ, पण त्या वेळी तिची मान वर होईना.

“आत्याबाई, ठिवा ती. रंग वला हाय,” स्वरूपा म्हणाली.

“सव्वा महिना झाला न्हाय अजून,” म्हातारी स्वतःशीच म्हणाली. मग एकदम ओरडली, “दिग्या, बाज आडवी कर!”

पडवीतच बाज पडली. स्वरूपाला काही विचारलंच नाही. निजवलं, कान बांधले, पाठीला कोमट तेल चोळलं. घमेल्यात चुलीतला विस्तव आला, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा पडल्या. धूर देवदूतांच्या पंखांमधून वर जाऊन कुंपणापलीकडं गेला. सासूचे हात पाठीवरून फिरत होते, आणि ते कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या पाठीवरून फिरतायत असं स्वरूपाला वाटत होतं.

तो वास आख्ख्या आळीच्या ओळखीचा. पलीकडून शेजारची पुतळाबाई काम करता करता सहज ओरडली, “विजयमाला, कोण गं बाळंत झालं तुमच्यात?”

दिग्विजय दाराकडं बघायला लागला. पुतळाबाईच्याही लक्षात आलं असावं.

विजयमालाबाईनं हात थांबवला नाही. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आमची स्वरूपा. मुलगी झालती.”

विस्तवाची धग बाजेच्या सुंभातून वर आली आणि स्वरूपाच्या कंबरेला चांगलाच चटका बसला. “आई गं, भाजतंय,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.