छातीवरचा पट्टा

गुलबर्ग्याच्या त्या दुकानात अप्पांनी चौथी बॅग खाली ठेवली आणि माझं डोकंच फिरलं.

"आता हिला काय झालं?"

"छातीवरचा पट्टा लिंगाला लागायलाय."

आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग झोपेतसुद्धा काढत नाहीत. माझ्याही गळ्यात आहेच. म्हणून तर अप्पांनी तीस वर्षं कॅमेऱ्याची बॅग एकाच खांद्यावर वाहिली. त्याच उजव्या खांद्यानं गेल्या महिन्यात संतपूरच्या लग्नात दगा दिला. अक्षता पडल्या तेव्हा हात वर गेलाच नाही. नवरीचा बाप ओरडला, अप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी लाईट धरून उभी होते. 'द्या इकडं कॅमेरा' म्हणायची हिंमत झाली नाही, त्याची लाज अजून वाटते.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही खांद्यांवर वजन येईल अशी बॅग घ्या, नाहीतर काम सोडा. काम सोडलं की कॅमेरा विकायचा, हे अप्पा दोनदा बोलून गेले होते. मला देतील, असं एकदाही नाही. पोरीनं परक्या गावच्या मांडवात ओझं घेऊन हिंडायचं व्हय, हे मात्र शंभरदा.

म्हणून बॅग मिळायलाच पाहिजे होती. आमच्या कोहिनूर गावाहून येताना मी कॅमेरा, लेन्सा, फ्लॅश सगळं बरोबर आणलं होतं. रिकामी बॅग घालून काय कळतंय, डोंबल! दुकानदार महेशकुमार बिचारा प्रत्येक बॅगेत सामान भरायचा, परत काढायचा.

पाचवी बॅग खरंच चांगली होती. पट्टे रुंद, पाठीला मऊ गादी. अप्पांनी ती घालून दोन फेऱ्या मारल्या. मग हळूच उजवा हात वर करून बघितला. तो खांद्याच्या वर गेला नाही.

"कसंय, अण्णा?" महेशकुमारनं विचारलं.

"लिंगाला लागायलाय."

"अप्पा, कामून असं करायलाव? एक तरी बॅग मनाला येईल का न्हाई?"

अप्पांनी बॅग उतरवली, माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं एकदा बघितलं आणि छातीचा पट्टा दोन्हीकडून चार बोटं वर सरकवला.

"शिवलीला, घाल बघू."

मी घातली, पट्टा लावला. लिंगाला लागला नाही. म्हणजे पट्टा सरकतो, हे यांना पहिल्या बॅगेपासून ठाऊक होतं! मला रागही आला आणि रडूही.

"अप्पा, मग खोटं कामून बोललाव?"

"हातच गेलाय, पोरी. बॅग काय करंल?" त्यांनी माझ्या खांद्यावरचे पट्टे ओढून बसते केले. "रविवारी करजगीचं लगीन हाय. फोटो तू काढ."

"आन तुमी?"

"मी लाईट धरतो. डावा हात हाय की."