सान ट्वेचा घण

मंडालेच्या आमच्या गल्लीत कोण वर्ख कुटतोय, ते मी डोळे मिटूनही सांगेन. आम्ही बायका वर्ख कापतो ती खोली बंद असते, कारण झुळूक आली की सोनं उडालंच. त्यामुळे बाहेरचे कारागीर मी कानांनी ओळखते. माझ्या नवऱ्याचा, सान ट्वेचा, घण सगळ्यांत स्वच्छ पडायचा. हे बायको म्हणून सांगत नाही. आमचं वर्षातले दहा महिने पटत नाही.

पण तीन वर्षं त्याने घणाला हात लावला नव्हता. दगडाशेजारी पाण्यावर भोक पाडलेली करवंटी तरंगत असते. ती भरून बुडाली की कुटणाऱ्याने थांबायचं आणि जोडीदाराने दगडावरचं, सोन्याची पानं भरलेलं कातड्याचं पुडकं सरळ करायचं. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी सान ट्वे करवंटीकडे न बघता मनातले घाव मोजत बसला. करवंटी बुडाली, त्याच्या थोरल्या भावाने, को पाउकने, हात पुढे केला आणि याचा एक घाव जास्तीचा पडला. भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्यांनी महिन्याभरात भावाला माफ केलं, पण यानेच स्वतःला केलं नाही. तेव्हापासून तो त्याच दुकानात खाली मान घालून पाणी भरायचा. मला फार राग यायचा.

यंदा पॅगोड्याच्या कळसासाठी वर्खाचं काम आलं आणि नेमका कुटणारा तापाने आडवा झाला. मालक ऊ ठुन यिन यांनी सान ट्वेला सरळच सांगितलं, की हे पुडकं पुरं केलंस तर दगड पुन्हा तुझा, नाहीतर मी कायमचा नवा माणूस ठेवणार.

मी आत, कान बाहेर. बारा घाव छान पडले. तेरावा डळमळला आणि पुढचा आलाच नाही. मी हातातला वर्ख झाकला आणि बाहेर गेले. तो घामाघूम होऊन उभा होता.

"मला तोच दिवस दिसतो गं," तो म्हणाला.

"अहो, विहारात ध्यानाचे दहा दिवस काय झोपा काढल्यात? भन्तेंनी काय शिकवलं? घण वर गेला की 'वर', खाली आला की 'खाली'. जे चाललंय तेवढंच बघायचं."

"तोंडाने सोपं आहे."

ते खरंच होतं.

तेवढ्यात तिथेच बसलेले भाऊजी उठले आणि दगडासमोर मांडी घालून बसले. म्हणाले, पुडकं मीच सरळ करणार.

"दादा, तू नको."

"मग कोण, तुझा सासरा? चल, घे घण."

मालकांनी करवंटी पाण्यावर सोडली. मी आत जाऊन दार लावलं. सुरुवातीला घणाबरोबर त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, वर, खाली, वर, खाली. मग घण थांबला. करवंटी बुडाली असणार आणि भाऊजींचा हात आता दगडावर असणार. घण पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेला पुटपुटणं नव्हतं. मी कापलेला वर्ख तिरका गेला म्हणून पोरी मला हसल्या.

पाच तास चाललं. एकही घाव चुकला नाही. पुडकं उघडलं तेव्हा आतलं एकही पान फाटलेलं नव्हतं. मालकांनी एक वर्ख उजेडाला धरला आणि सान ट्वेकडे बघून नुसती मान हलवली. ते कुणाची स्तुती करत नाहीत. त्यांच्यासाठी एवढंही खूप झालं. माझा ऊर भरून आला, आणि गल्लीतल्या बायकांनी हे बघावं असंही वाटलं.

भाऊजी मात्र भावाला सोडायला तयार नव्हते. त्यांनी विचारलं, "खरं सांग. माझा हात दिसत होता ना तुला, सगळा वेळ?"

"दिसत होता."

"तेव्हाचा?"

"नाही," सान ट्वे म्हणाला. "आत्ताचा. वाकडा आहे, पण माझ्या घणापेक्षा चपळ आहे."